जे वाचेल ते

अण्णांच्या खोलीत आणखी एक खुर्ची मावत नव्हती, म्हणून भिंगरीने टेबलाखालचा जुना संगणक बाहेर ओढला. सहा वर्षं तो तिथेच पडून होता. वर बोटभर धूळ, मागच्या जाळीत कोळिष्टकं. भंगारवाल्याला द्यायचा आणि मोकळं व्हायचं, एवढाच तिचा विचार होता. खुर्ची हवी होती ती वाचा-उपचार करणाऱ्या बाईंसाठी. त्या आठवड्यातून दोनदा यायच्या आणि पलंगाच्या कडेवर तासभर बसून उठताना कंबर धरायच्या.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बूड टेकत नसे म्हणून अण्णांनी ते ठेवलं. मोठेपणी ती चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात भिंगं कापायला लागली, तेव्हा "नाव सार्थ केलंस हो," म्हणून सगळ्यात जास्त हसले तेही अण्णाच. काम नजरेचं आणि मापाचं. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की काच वाया. अण्णा आजारी पडल्यापासून ती फक्त सकाळची पाळी करायची, आणि तेवढा वेळ शेजारच्या मावशी अण्णांजवळ बसायच्या. थोरला भाऊ, दादा, दूरच्या शहरात होता. तो दर रविवारी फोन करायचा.

आठ महिन्यांपूर्वी अण्णांना झटका आला. हातपाय थोडेफार सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. घशातून एक 'ह' निघायचा, तोही धड नाही. जन्मभर ज्यांनी बोलण्याचंच काम केलं, त्यांच्या वाट्याला हे यावं! शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्तीनंतर चौदा वर्षं अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड केली, याच खोलीत, याच संगणकावर. खिडकीला गोधडी लावायची, पंखा बंद करायचा, आणि घरातल्यांनी तासभर चवड्यांवर चालायचं. पुढे ती शाळा बंद पडली, तिथल्या प्रती कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. संगणकही एक दिवस सुरू व्हायचा थांबला. अण्णा म्हणाले, "असू दे, त्यालाही निवृत्ती हवी."

उपचाराच्या बाईंनी हे सगळं ऐकलं आणि दाराशी ठेवलेल्या त्या खोक्याकडे बघितलं.

"यात त्यांचा आवाज आहे? मग भंगारात काय देताय? स्वतःचा जुना आवाज कानावर पडला तर कधी कधी मेंदूला वाट सापडते. खात्री नाही देत मी. पण करून बघा."

संगणक दुरुस्तीवाल्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. आत शिरायचं तर मान वाकवावी लागे. त्याने हार्ड डिस्क काढली, कानाशी धरली, वीज जोडून पुन्हा कानाशी धरली.

"ही शेवटच्या घटका मोजतेय, ताई. मोठ्या प्रयोगशाळेत उघडून काढून देतात, पण त्यांचा आकडा ऐकलात तर तुम्हाला बसायला खुर्ची द्यावी लागेल."

"स्वस्तात काही?"

"स्वस्तात म्हणजे तुमच्या हातानं." त्याने खणातून एक जुनी केबल काढली. तिच्या एका टोकाला रुंद दातेरी जोड होता, मधे विजेचा ठोकळा. "ही घेऊन जा, काम झालं की परत द्या. लॅपटॉपला लावा. एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून देतो, ते पुसट झालेल्या फाइली चाचपून काढतं. नावं मिळणार नाहीत, नुसते नंबर. अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नका, डिस्क तापली की थांबा. खाली ओला टॉवेल नको, कोरडा ठेवा. आणि हे बघा, आशा फार धरू नका. जे वाचेल ते आपलं."

दुपारी दोन ते चार अण्णा झोपायचे. त्या वेळात भिंगरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायची. घडी केलेल्या टॉवेलवर डिस्क, बाजूला टेबलपंखा, समोर लॅपटॉप. डिस्क सुरू झाली की आतून खरवडल्यासारखा आवाज यायचा. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायची, मधेच अडायची, पुन्हा सरकायची. पहिले तीन दिवस हाती काही लागलं नाही. चौथ्या दिवशी यादीत एक ओळ उमटली: फाइल १.

तिने हेडफोन लावले.

"इयत्ता आठवी. धडा चौथा. खडकांचे प्रकार," अण्णा म्हणाले.

भरदार, स्वच्छ आवाज. प्रत्येक अक्षराला आपापली जागा देणारा. भिंगरीने तोंडावर पदर धरला आणि चोवीस मिनिटांचा तो धडा रडत रडत ऐकला. अग्निजन्य खडक, गाळाचे खडक, रूपांतरित खडक. खडकांसाठी कोणी एवढं रडलं नसेल.

चार वाजता ती छोटा स्पीकर घेऊन खोलीत गेली. "अण्णा, ओळखा बरं कोण आहे," म्हणाली आणि फाइल लावली.

तिला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. ते भरले नाहीत. त्यांनी मान वळवली आणि स्पीकरकडे बघत राहिले. डाव्या हाताने पलंगाचा कठडा इतका घट्ट धरला की नखं पांढरी पडली. समोरचा जेवत असताना उपाशी माणसाने त्याच्या ताटाकडे बघावं, तसं ते बघणं होतं.

"भावना दाटून आल्या असतील," उपचाराच्या बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "रोज ऐकवा."

भिंगरी रोज ऐकवायला लागली. फाइली आता बऱ्या निघत होत्या, दिवसाला दोन, कधी तीन. सहाव्या दिवशी ती अण्णांच्या तोंडात चमचा देत होती, तेव्हा त्यांनी ओठ मिटले, घास गिळला आणि म्हणाले, "खडक."

चमचा तिच्या हातातून पडला. मावशी धावत आल्या, शेजारच्या दोघी आल्या, दादाला फोन गेला. उपचाराच्या बाईंनी तर टाळ्याच वाजवल्या. "आठ महिन्यांनी पहिला शब्द! आणि किती स्वच्छ! शब्द चमत्कारिक आहे, पण असू दे, आपल्याला काय करायचंय!"

स्वच्छ होताच. अडखळ नाही, जडपणा नाही. अण्णांचाच आवाज. त्या आनंदात भिंगरीने दुपारी पहिली फाइल पुन्हा लावली.

"इयत्ता आठवी. धडा चौथा," अण्णा म्हणाले. मग थोडी शांतता. मग, "चे प्रकार."

तिने मागे घेऊन पुन्हा ऐकलं. धडाभर जिथे जिथे 'खडक' होता, तिथे तिथे तेवढीच मोकळी जागा होती. अग्निजन्य, आणि मग काही नाही. गाळाचे, आणि मग काही नाही. फाइलची लांबी तीच, चोवीस मिनिटं.

ती डिस्क घेऊन जिन्याखाली गेली. दुरुस्तीवाल्याने कान देऊन ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"डिस्क झिजते, ताई. पण लॅपटॉपवर एकदा उतरवलेली फाइल झिजत नाही. पहिल्यापासूनच असं असणार. पहिल्यांदा तुम्ही मनानेच गाळलेल्या जागा भरल्या असतील. माणूस करतो तसं."

ती माप घेणारी बाई. मनाने जागा भरणाऱ्यांपैकी नव्हे. तिने एक वही केली. त्या आठवड्यात अण्णा 'पाणी' म्हणाले, 'उतार' म्हणाले, 'दिशा' म्हणाले. त्या त्या दिवशी दुपारी तिने सगळ्या फाइली तपासल्या. नदीच्या धड्यातून पाणी गेलं होतं. पर्वतांना उतार राहिले नव्हते. तिने वही मिटली आणि पुढचे दोन दिवस अण्णांना काहीही ऐकवलं नाही. त्या दोन दिवसांत ते एकही नवा शब्द बोलले नाहीत. नुसते दाराकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी डिस्कमधून फाइल एकोणीस निघाली. भिंगरीने हेडफोन लावले. समुद्रप्रवाहांचा धडा होता. दुसऱ्या मिनिटाला अण्णा मधेच थांबले.

"कोण ऐकतंय?" ते म्हणाले.

मग घसा खाकरून त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. तिला वाटलं, रेकॉर्डिंग चालू असताना कोणीतरी दार उघडलं असेल. पाच मिनिटांनी ते पुन्हा थांबले.

"भिंगरी, मनगटाला पट्टी बांध. सुजलंय ते. त्याला एकटीने उचलत जाऊ नकोस."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. उजवं मनगट सुजलं होतं. अंघोळीला नेताना परवाच लचकलं होतं, आणि हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. खिडकीतून दुपारचं लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. बाहेर कोणीतरी चटई झटकत होतं. शेजारच्या खोलीतून अण्णांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

फाइल वीस निघायला पूर्ण अर्धा तास लागला. त्यात धडा नव्हताच.

"पलीकडच्या खोलीत कोण आहे गं?"

"अण्णा आहेत," भिंगरी बोलून गेली. मोठ्याने. मग स्वतःच दचकली. फाइल तिथेच संपली होती.

फाइल एकवीस चार सेकंदांची होती.

"नाही," अण्णा म्हणाले.

रविवारी दादाचा फोन आला. ती लॅपटॉप घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. दादा हसला नाही, पण त्याने ऐकून घेतलं ते लहान मुलाचं घेतात तसं.

"अगं, तुला विश्रांतीची गरज आहे. झोप होते का तुझी?"

"तू फक्त ऐक," ती म्हणाली आणि फोन हेडफोनला लावून धरला. तिने फाइल वीस लावली, मग एकवीस.

फाइल संपल्यावर तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"दादा?"

"हे मला पुन्हा ऐकवू नकोस," तो म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "अण्णा बोलायला लागलेत ना? मग झालं तर. औषधं वेळेवर देतेस ना?"

"दादा, तू ऐकलंस ना ते? मला सांग तू ऐकलंस."

"मुलं हाका मारतायत," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिच्या लक्षात आलं, की या कामात ती एकटी आहे आणि एकटीच राहणार आहे. पोलिसांकडे जायचं तर सांगायचं काय? डॉक्टरांना सांगायचं तर तेही झोपेचंच विचारणार. पलंगावरचा माणूस अण्णांसारखाच होता, इंच न् इंच. कानामागचा तीळ तोच, अंगठ्यावरचा वण तोच. ती त्याला भरवत होती, पुसत होती, कुशीवर वळवत होती. आणि तळहाताएवढ्या त्या लोखंडी डबीत कोणीतरी तिच्या मनगटाची काळजी करत होतं.

सोमवारी दुपारी तिने दार लावून घेतलं आणि डिस्क सुरू केली. खरवड वाढली होती. फाइल बावीस.

"मी वाचत राहतो," अण्णा सांगत होते. "थांबलो की काहीतरी जातं. पुस्तक नाही समोर, पाठ आहे ते वाचतो. भिंगरी, त्याला ऐकवू नकोस."

"तुम्हाला बाहेर कसं काढू?" तिने विचारलं. "अण्णा, मी काय करू? सांगा ना."

फाइल तेवीससाठी ती वाट बघत बसली. डिस्क हात लावता येणार नाही इतकी तापली. थंड होऊ दिली, पुन्हा लावली. पावणेचार वाजता ओळ उमटली.

अण्णा वाचायला लागले, आणि ते वाचन चाळणीसारखं झालं होतं. "पृथ्वीच्या... वर... आणि त्यामुळे... होतात." एकेका वाक्यात दोन-तीनच शब्द शिल्लक. तरी प्रत्येक अक्षराला ते आपापली जागा देत होते. शेवटी ते वाचायचे थांबले.

"बाळा, माझ्याजवळ फार थोडे... राहिलेत," ते म्हणाले. मधला शब्द आला नाही.

पलीकडच्या खोलीतून, झोपेतून नुकतंच उठलेल्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात, तो आला.

"शब्द."

भिंगरीने त्याच दुपारी सगळं आवरलं. डिस्क, केबल, लॅपटॉप, स्पीकर कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या डब्यामागे ठेवली. एकही फाइल उघडायची नाही, एकही शब्द आणखी जाऊ द्यायचा नाही. बाहेर काढता येत नसेल, तर निदान आहेत तेवढे अण्णा आत राहू देत. याहून जास्त तिला काही सुचत नव्हतं. प्रयोगशाळेत फोन करून विचारलेला आकडा ती रात्रंदिवस मनात घोळवत होती. चार महिन्यांचा पगार आगाऊ मागायचा आणि डिस्क त्यांच्याकडे न्यायची, असं तिने ठरवलं होतं. पण नेऊन त्यांना सांगायचं काय, आणि काढायचं ते काढून ठेवायचं कुठे, हे ठरत नव्हतं.

गुरुवारी कारखान्यातून परत येताना जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. समुद्रप्रवाहांचा धडा.

ती उरलेल्या पायऱ्या धावत चढली.

दार उघडंच होतं. अण्णांच्या खोलीत खुर्चीवर मावशी बसल्या होत्या, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. स्टुलावर लॅपटॉप आणि स्पीकर. धडा शेवटाला आला होता.

"मावशी, हे कोणी काढलं?"

"मीच की. सकाळपासून लावलंय. अगं, त्यांनी तोंडाने मागितलं! आधी म्हणाले 'आवाज'. मग म्हणाले 'कपाट'. मला काही कळेना, तर म्हणाले 'डब्यामागे'. खरंच तिथे किल्ली! उघडल्यावर समोर यादीच होती, पहिल्यावर बोट दाबलं, मग आपोआप एकामागून एक लागत गेलं." मावशींचा चेहरा फुलला होता. "किती छान वाचायचे गं! बंद कशाला ठेवतेस? म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा."

भिंगरीने झेप घेऊन लॅपटॉप मिटला.



"राहू दे," पलंगावरून आवाज आला. "झालंय ऐकून."

मावशींच्या मांडीवरची भाजी खाली सांडली. "अगंबाई! पुरं वाक्य बोलले!"

भिंगरी लॅपटॉप छातीशी धरून स्वयंपाकघरात गेली. दार लावलं. हेडफोन कानावर चढवले.

फाइल एक. चोवीस मिनिटं. काही नाही.

फाइल सात. काही नाही.

फाइल वीस. एकवीस. बावीस.

तेवीस तिने तीनदा ऐकली.

डिस्क केबलला लावली. ती चटकन सुरू झाली. खरवड नाही, अडखळ नाही. हिरवी पट्टी सरळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

"ही तर ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला संध्याकाळी म्हणाला. त्याने डिस्क उलटीसुलटी करून पाहिली. "कोरी. कारखान्यातून आत्ता आणल्यासारखी. तुम्ही नक्की हीच नेली होती ना?"

त्यानंतर सुधारणा झपाट्याने होत गेली. उपचाराच्या बाई आपल्या विद्यार्थिनींना घेऊन आल्या आणि पलंगावरच्या माणसाला बघून गेल्या. त्याने प्रत्येकीला नाव विचारलं. काठी घेऊन तो चालायला लागला. भिंगरीला तो भिंगरीच म्हणायचा, योग्य ठिकाणी हसायचा, जुन्या गोष्टी बरोबर सांगायचा. एकदा ती मावशींना म्हणाली, "तो जेवला का?" तेव्हा मावशी रागावल्याच. "तो काय म्हणतेस गं बापाला?" ती रोज त्याचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि आपल्या खोलीत येऊन त्या कोऱ्या डिस्कशी बोलायची. मनगट बरं झालंय, असं तिने तिला सांगितलं. उत्तराची तिला अपेक्षा नव्हती. बोलायचं थांबलं तर उरलंसुरलं काही असेल तेही जाईल, एवढंच तिला वाटायचं.

पुढच्या महिन्यात दादा आला. दारातच त्याने वडिलांना मिठी मारली आणि हुंदके देऊन रडला. भिंगरीच्या नजरेला मात्र त्याने दोन दिवस नजर दिली नाही. जायच्या दिवशी सकाळी तो खोलीत खुर्चीवर बसला होता. "काहीतरी वाचून दाखवा ना, अण्णा, पूर्वीसारखं," असं त्यानेच म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले.

पलंगावरच्या माणसाने ताठ बसून वर्तमानपत्र उघडलं आणि पहिलं पान वाचायला घेतलं. भरदार, स्वच्छ आवाज. प्रत्येक अक्षराला आपापली जागा. दादाच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत गेलं. मावशी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. भिंगरी चहाचा कप हातात घेऊन मधेच उभी होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

अख्खं पान संपायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात त्याच्या सदऱ्याचं छातीवरचं बटण एकदाही वरखाली झालं नाही.